बंद खोलीतली हवा आणि पन्नास हजारांचे यंत्र

धुळ्याच्या एका वस्तीतून एका उपासकाचा निरोप आला. त्यांचा थोरला मुलगा पुण्यात मोठ्या इमारतींमध्ये एसीच्या नळ्या बसवण्याच्या कामावर आहे. तिथे त्याने एक नवे यंत्र बसवले. खोलीची दारे-खिडक्या बंद असतात, तरी आतली शिळी हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी हवा आत येते आणि खोलीतला गारवा वाया जात नाही. मुलगा म्हणतो, असे यंत्र आपल्या घरी बसवू. धाकटा भाऊ भाड्याच्या हॉलमध्ये दहावीचे क्लास घेतो, तिथेही एक बसवू. घरच्या यंत्राला पन्नास हजारांच्या आसपास खर्च आहे. आईच्या बचत गटातून कर्ज मिळू शकते. घाई अशासाठी की थोरल्या सुनेला टीबीचे औषध सुरू झाले आहे आणि घरात चार आणि सात वर्षांची दोन मुले आहेत. "पैसे उभे करतो, पण हे घ्यावे का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर अनेक घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून या महिन्याचे आरोग्य पान आम्ही त्यालाच दिले आहे. आमचे उत्तर आधीच सांगतो. ते यंत्र घेऊ नका. पण मुलाने जे ओळखले ते बरोबर आहे. तुमच्या घराला औषधाइतकीच हवेची गरज आहे, आणि ती फार कमी पैशांत मिळू शकते.

आधी यंत्र समजून घेऊ. त्याला हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन म्हणतात. एका पेटीत दोन पंखे असतात. एक आतली हवा बाहेर काढतो, दुसरा बाहेरची आत घेतो. दोन्ही हवा पेटीतल्या पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, पण जाता जाता उष्णतेची देवाणघेवाण करतात. हे यंत्र थंड देशांत जन्मले. १९७३ नंतर तेल महागले, तेव्हा तिकडे घरे फटी बुजवून घट्ट बंद करू लागले. मग आतली हवा कोंदू लागली. १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना शहरात इंधन वाचवणारे एक नमुन्याचे घर बांधले गेले, त्यात अशी हवेची अदलाबदल करणारी पेटी होती. बाहेर बर्फ, आत २१ अंश, आणि चोवीस तास चार-पाच महिने घर तापवायचे, तिथे बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब परत मिळवली तर पैसे वाचतात.

आता हेच गणित खान्देशात मांडू. मे महिन्याची दुपार, बाहेर ४४ अंश, आत एसीने २६ अंश. फरक १८ अंशांचा. पाच माणसांच्या खोलीला तासाला साधारण १०० घनमीटर ताजी हवा लागते असे धरा. एवढी गरम हवा आत घेतली तर एसीवर सुमारे ६०० वॉट उष्णतेचा बोजा पडतो. यंत्र त्यातला सत्तर टक्के, म्हणजे ४२० वॉट, अडवते. पण एसी एक वॉट विजेत तीन-साडेतीन वॉट उष्णता उपसतो, त्यामुळे विजेची बचत होते ती फक्त १२०-१३० वॉटची. यंत्राचे स्वतःचे पंखे त्यातले ४०-५० वॉट खातात. उरले ऐंशी वॉट. दिवसाला दहा तास चालवले तर पाऊण युनिटाच्या थोडे वर. नऊ रुपये युनिट धरा, दिवसाला सात रुपये. उन्हाळ्याचे नव्वद दिवस, आणि रोज दहाही तास ४४ अंश असतात असे धरून, साडेसहाशे रुपये. पन्नास हजार रुपये फिटायला पंचाहत्तर वर्षे लागतील. वर जाळ्या धुणे, बदलणे आणि बिघाड वेगळे.

आणि हे सगळे ज्याच्या घरी एसी आहे त्याच्यासाठी. ज्या घरात एसी नाही, त्या घरात वाचवायला गारवाच नाही. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. तिथे हे यंत्र आतली उष्णता अडवून पुन्हा आतच आणेल.

धाकट्याच्या क्लासचे गणित जरा वेगळे आहे. चाळीस मुले, एसी सुरू, दार बंद. मुलांना हवा दहापट लागते, व्यापारी दराची वीज महाग असते, म्हणून बचतही मोठी दिसते, उन्हाळ्यात आठ-नऊ हजारांपर्यंत. पण तेवढ्या हवेचे यंत्र दीड-दोन लाखांचे, वर नळ्या. भाड्याच्या हॉलमध्ये ते बसवणे म्हणजे मालकाचे घर आपल्या पैशाने सजवणे. मोठे रुग्णालय किंवा दिवसभर एसीवर चालणारे कार्यालय यांनी तो हिशेब करावा, त्यांना तो जमूही शकेल. क्लासवाल्याने एका भिंतीत बाहेर फेकणारा पंखा लावावा, समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, आणि दर तासाला दहा मिनिटे दार सताड उघडावे. एसीचे बिल थोडे वाढेल, वाढू द्या. इथे एक गैरसमज फार पसरला आहे: भिंतीवरचा साधा एसी ताजी हवा आणतो. तो आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. शेवटच्या तासाला मुले पेंगतात तेव्हा त्यांना आळशी म्हणण्याआधी खिडकीकडे पाहावे.

आता सुनेकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा जंतूंचे अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि बंद, अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ऊन त्यांना मारते, वारा त्यांना बाहेर नेतो. ताटाने, पेल्याने, अंथरुणाने, कपड्याने तो पसरत नाही. तरीही आम्ही वस्तीत जातो तेव्हा काय दिसते? सुनेचे ताट वेगळे, पेला वेगळा, आणि सगळे झोपतात एकाच बंद खोलीत. भांडे वेगळे काढणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. आपल्या पणज्यांनी ते भोगले आहे. तेच आपण आपल्या घरात, आपल्याच लेकीसुनेशी करतो, आणि त्याचा औषधापुरताही उपयोग नाही. ताट एक करा, खिडकी उघडा.

तिला माहेरी पाठवायचीही गरज नाही. १९५६ मध्ये मद्रास शहरात एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. टीबीच्या निम्म्या रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरी ठेवून औषध दिले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना टीबी होण्याचे प्रमाणही आरोग्यधामातल्या रुग्णांच्या घरच्यांपेक्षा जास्त निघाले नाही. आज जगभर टीबीचे उपचार घरीच होतात, त्याची पायाभरणी त्या अभ्यासाने केली. औषध नियमित सुरू झाले की बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांत झपाट्याने कमी होतो. सगळ्यात जास्त धोका निदान होण्याआधीच्या महिन्यांत असतो, आणि त्या महिन्यांत घरात हवा खेळत होती की नाही, यावर बरेच ठरते. म्हणून दोन्ही मुलांची तपासणी आजच करा. पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नसला तरी प्रतिबंधक औषध मिळते, ते सरकारी दवाखान्यात मोफत आहे. आता मोठ्यांनाही तपासून ते दिले जाते. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत महिन्याला हजार रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. खाते जोडले आहे का, हे आशाताईंना विचारा.

हवेचा आणि टीबीचा संबंध किती घट्ट आहे, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने पुढे आणला. झोपडीतून लोक पक्क्या घरात आले, पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. जिथे हवा-उजेड कमी, तिथे टीबीची घरे जास्त निघाली. पक्के घर मिळाले म्हणजे निरोगी घर मिळाले, असे नाही.

उलट बाजूही आहे. पेरूच्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत शास्त्रज्ञांनी खोल्यांतली हवा मोजली. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. साध्या खोल्यांत दारे-खिडक्या उघडल्या की हवा तासाला साधारण अठ्ठावीस वेळा बदलत होती. यंत्राने हवा बदलणाऱ्या खास खोल्यांत ती बारा वेळा बदलत होती. फुकटची खिडकी महागड्या यंत्राच्या दुपटीने पुढे गेली.

आपल्या परंपरेतही हा विचार जुना आहे. विनयपिटकात चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासांविषयी बारीकसारीक नियम आहेत. विहारांना खिडक्या नव्हत्या, आत दिसत नसे, कोंदट वास येई, तेव्हा भगवंतांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना परवानगी दिली: कठड्याच्या, जाळीच्या आणि गजांच्या. पालीत खिडकीला वातपान म्हणतात. मग खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तर त्यावर पडद्याची सोय सांगितली. स्नानगृहात विस्तव असे, तिथे धूर बाहेर नेणाऱ्या नळीलाही परवानगी आहे. खिडकीमुळे अडचण आली तेव्हा खिडकी बुजवली नाही, पडदा लावला. हे आम्हाला फार आवडते, कारण वस्तीत नेमके उलटे होते. डास येतात, उंदीर येतात, नाल्याचा वास येतो, म्हणून झरोका पोत्याने बंद होतो आणि तो पुन्हा उघडत नाही.

वास येतो ही तक्रार खोटी नाही. आपल्या वस्त्या नाल्याकाठी, गावाच्या उताराला, कचरा जिथे टाकतात त्या अंगाला का आहेत, याचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. नाला झाकून घेण्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागलेच पाहिजे. पण तोवर श्वास थांबवता येत नाही. नाल्याच्या अंगाची खिडकी बंद ठेवायची असेल तर दुसरी बाजू शोधायला हवी.

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वीस-बावीस वर्षे राहिले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, हजारो कामगार दाटीच्या चाळींत मेले, तेव्हा सरकारला कळले की गल्ल्यांत वारा नाही. १८९८ मध्ये हा ट्रस्ट काढला गेला, रस्ते रुंद करायला आणि नव्या चाळी बांधायला. म्हणजे गरिबाच्या घरातली हवा हा सरकारच्या जबाबदारीचा विषय आहे, हे त्या काळातच मान्य झाले होते.

हे सरकारी देणे आज रमाई आवास योजनेच्या रूपाने आपल्या दारात आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी असलेल्या या घरकुलाचे किमान क्षेत्र २६९ चौरस फूट आहे. पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात, बांधकाम बहुतेक वेळा आपणच करून घेतो. तिथे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. पायाला पैसे लागतात, स्लॅबला लागतात, फरशीला उसने आणतात, आणि काटछाट खिडकीवर येते. चार फुटांची दोन फुटांची होते, छताजवळचा झरोका राहूनच जातो. कोरड्या, उष्ण हवामानासाठी राष्ट्रीय इमारत संहितेचा साधा ठोकताळा आहे: दार सोडून खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश हवी. दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट, म्हणजे तीन फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच एक खिडकी. पूर्ण घरकुलाला सत्तावीस चौरस फूट. भिंत लिंटेलला पोहोचण्याआधी मिस्त्रीला हे सांगायचे. त्या वेळी सिमेंटची एक जाळी शंभर-दोनशे रुपयांत बसते. तीच नंतर भिंत फोडून बसवायला हजार-दीड हजार मजुरी, आणि गिलावा वेगळा.

बांधलेल्या घरात काय करायचे? आधी पाहा की हवेला दोन वाटा आहेत का. एक यायची, एक जायची. एकाच बाजूला दोन खिडक्या असल्या तरी वारा आत शिरून तिथेच थांबतो. समोरासमोर उघडे असेल तर तो आरपार जातो. वस्तीत मागची भिंत शेजाऱ्याची असते, त्यामुळे समोरासमोर जमत नाही. मग उंचीचा उपयोग करा. गरम हवा वर जाते. दाराच्या खालच्या भागात जाळी किंवा दोन बोटांची फट, आणि वर पत्र्याजवळ झरोका. बऱ्याच पत्र्याच्या घरांत भिंतीच्या वरच्या कडेला आणि पत्र्याला नैसर्गिक फट असते, तीच आपण पोत्याने, कागदाने बुजवून टाकलेली असते. पोते काढा, बारीक तारेची जाळी ठोका. उंदीर, डास बाहेर, हवा मोकळी. दोन-तीनशे रुपयांचे काम आहे.

खिडकीने भागत नसेल तर बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा. लहान, सहा इंची पंखा तासाला साधारण २०० ते २५० घनमीटर हवा ओढतो असे त्याच्या खोक्यावर लिहिलेले असते. दहा बाय दहा फुटांच्या, नऊ फूट उंच खोलीत २५ घनमीटर हवा मावते. म्हणजे तासाला आठ-दहा वेळा हवा बदलते. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण फटी, जाळी, धूळ. पंखा हजार ते दीड हजारांचा, भोक पाडून बसवणे आठशे-हजार, वीज तीस-चाळीस वॉट. दिवसाला दहा तास चालवला तरी महिन्याला दहा-बारा युनिट. पण दार-खिडकी सगळे बंद करून पंखा लावला तर तो नुसता घुमतो, हवा ओढत नाही. आत येणारी वाट उघडी हवीच.

टीबीच्या घरात पंख्याची जागा महत्त्वाची. हवा निरोगी माणसांकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर जावी. तेव्हा सुनेची खाट पंख्याच्या किंवा बाहेर वारा जाणाऱ्या खिडकीच्या बाजूला, मुलांची झोपण्याची जागा दाराच्या बाजूला, जिथून ताजी हवा येते. उलटे केले तर पंखा तिचा खोकला मुलांच्या अंगावरून ओढेल. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत येत नाही, हेही पाहा. भोक पाडण्याआधी शेजारच्या काकूंना विचारा, नाहीतर टीबीपेक्षा भांडण लवकर पसरते.

खान्देशात खरे हवेचे यंत्र आपल्याकडे आधीच आहे. त्याचे नाव कूलर. कोरडी गरम हवा ओल्या जाळीतून येते, पाणी उडते, हवा गार होते. मेमध्ये ४४ अंशांची हवा तीस अंशांच्या आसपास येऊ शकते, आणि ती बाहेरची ताजी हवा असते. वीज दीडशे-दोनशे वॉट, एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकी. पण निम्मी घरे कूलर चुकीचा वापरतात. कूलर खोलीच्या आत ठेवतात आणि दारे बंद करतात. मग तीच हवा फिरून ओली होत जाते, घाम सुकत नाही, दमेकऱ्याची छाती भरते. कूलर खिडकीत हवा, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरची खिडकी किंवा दार अर्धे उघडे. जून सरला आणि हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा नुसता पंखा आणि उघडी खिडकी. पाणी जपून येते हे आम्हाला माहीत आहे, पण टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूच्या डासांचा पाळणा घरातच. आणि अर्थिंग. लोखंडी कूलरला ओल्या हाताने शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे जातात. तीन पिनांची प्लग आणि खरोखर जमिनीत गेलेली अर्थिंग नसेल, तर पाणी भरताना प्लग काढायचाच, बटण बंद करून भागत नाही.

आता थंडी. जळगाव-भुसावळचे ऊन साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण धुळ्याची थंडी कमी जणांना. तिथे डिसेंबर-जानेवारीत पारा काही रात्री पाच-सहा अंशांवर येतो. सहा माणसे एका खोलीत, सगळे बंद, आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी. परदेशातले यंत्र याच प्रसंगासाठी बनले आहे, हे खरे. पण आपल्याकडे अशा रात्री वर्षात थोड्याच, त्यासाठी दोन रजया पुरतात. छताजवळचा झरोका थंडीतही उघडा राहू द्या, डोक्यावरून जाणारी हवा अंगाला बोचत नाही. शेगडी मात्र बंद खोलीत कधीच नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तेच. झरोका नसलेल्या न्हाणीत गॅस गिझर लावणाऱ्या मिस्त्रीला परत पाठवा.

चुलीचा धूर हाही टीबीचा आणि दम्याचा मित्र. सिलेंडर घरात असूनही अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर होते, कारण भरण्याचे पैसे. तेव्हा चूल निदान पडवीत, आणि वर धुराला वाट. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची तर उघड्यावर. ते आपण तसेही करतो, बरेच आहे.

धंद्याच्या जागांचे थोडक्यात. इस्त्रीचे दुकान, पिठाची गिरणी, शिवणकामाचा गाळा, डाळ मिलमधली पाखडणी, इथे उष्णता परत मिळवायची नसते, घालवायची असते. पत्र्याच्या शेडवर वाऱ्याने आपोआप फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर तीन ते सहा हजारांत येतात, वीज लागत नाही. जळगावच्या एमआयडीसीत कित्येक शेडवर ते दिसतात. धुळीच्या कामात मात्र पंखा मजुराच्या पाठीमागून वारा देईल असा लावावा, धूळ तोंडावर येईल असा नव्हे. मालकाला हे सांगायला आपल्या मुलांनी एकत्र जावे, एकट्याने नाही.

आणि छत. पत्र्याखाली कितीही हवा खेळवली तरी वरून भट्टी असेल तर पंखा गरम वाराच फेकतो. २०१० च्या मेमध्ये अहमदाबादला उष्णतेच्या लाटेत शेकड्यांनी माणसे गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतली छते पांढरी करण्याचे काम घेतले. पांढरे छत ऊन परतवते, आतले तापमान काही अंशांनी उतरते. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे जाड मातीमुळे गार असत. ती आता परत येणार नाहीत, पण चुना मिळतो.

उपासकाच्या घराचा हिशेब आम्ही त्यांच्याबरोबर बसून केला. पत्र्याजवळच्या फटीला जाळी, ३०० रुपये. दाराच्या खालच्या भागाला जाळी, सुताराच्या मजुरीसह ४५०. सहा इंची पंखा बसवून २,२००. खिडकीला डासांची जाळी, २५०. चुना, चिकटवायला डिंक आणि ब्रश, ४००. एकूण ३,६००. बचत गटाचे कर्ज लागले नाही. पुण्याचा मुलगा सुट्टीत आला की पंखा तोच बसवणार आहे, भिंतीत सरळ भोक कसे पाडायचे हे त्याला येते. भीमजयंतीला घराला रंग द्यायचाच होता, त्याच दिवसात पत्र्यालाही दोन हात चुना मारून घ्यायचा आहे. १४ एप्रिलच्या आधी, सकाळी आठच्या आत, कारण नंतर पत्र्यावर पाय ठेवता येत नाही.